दूरची नोकरी आणि विजेची मोटार

घरांत मोटार घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न वरकरणी पैशाचा दिसतो. परंतु एकत्र कुटुंबांत कोणताच प्रश्न नुसता पैशाचा नसतो, हें या सदराच्या वाचकांस सांगावयास नको. गेल्या पावसाळ्यांत आमच्याच घरीं हा प्रश्न निघाला, आणि रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर त्याचा खल तीन दिवस चालला. घरगुती गोष्ट चव्हाट्यावर मांडणें बरें नव्हे, हें मी जाणतों. पण असाच खल आज पुष्कळ घरांतून चालला असेल, आणि आमच्या चुकांचा उपयोग दुसऱ्या एखाद्या घरास झाला तर होवो, म्हणून घरच्या मंडळींच्या परवानगीनें हें लिहीत आहें.

हकीकत अशी. माझे वडील बंधू व वहिनी, त्यांचा मुलगा व सून, त्यांची नऊ वर्षांची नात, आणि आम्ही पतिपत्नी, असा आमचा सदाशिव पेठेंतील परिवार आहे. पुतण्या यंत्रशास्त्राचा पदवीधर असून घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवरील एका लहान कचेरींत अकरा वर्षें नोकरी करीत होता. पगार महिना ८०,००० रुपये. त्यास चाकणच्या पलीकडील एका कारखान्यानें १,००,००० रुपयांवर बोलाविलें. घरापासून कारखाना चाळीस किलोमीटर. मध्यें भोसरी, मोशी आणि चाकणचा चौक. त्या रस्त्यावर सकाळीं आणि सायंकाळीं वाहनांची जी दाटी होते ती ज्यांनीं पाहिली आहे, ते एका खेपेस दीड तास हा अंदाज फाजील म्हणणार नाहींत.

पुतण्या म्हणाला, "काका, अंतराची धास्ती आतां धरावयास नको. विजेची मोटार घेतली म्हणजे पेट्रोलचा खर्च उरत नाहीं. धूर नाहीं, गियर बदलण्याची दगदग नाहीं. रात्रीं घरीं तार जोडली कीं सकाळीं गाडी तयार! पगार वीस हजारांनीं वाढतो आणि शिवाय मोटार दारांत येते."

वहिनींचा चेहरा उजळला; कारण दादांस डॉक्टरांकडे नेतांना रिक्षासाठीं रस्त्यावर तिष्ठावें लागतें, तें त्यांच्या मनांत होतें. दादा मात्र कांहीं बोलले नाहींत. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या उजव्या अंगावरून वारें गेलें. तेव्हांपासून रोज सायंकाळीं सहा वाजतां पुतण्या घरीं येई, आणि त्यांचा हात धरून त्यांस चिमण्या गणपतीपर्यंत चालवीत नेऊन परत आणी. आज दादांच्या पायांत जी कांहीं शक्ति आली आहे ती या नेमानें आली आहे. नवी नोकरी धरली म्हणजे पुतण्या घरीं येणार आठ वाजतां. ही गोष्ट सर्वांच्या लक्षांत आली होती, आणि म्हणूनच ती कोणी उच्चारली नाहीं.

दुसऱ्या रात्रीं मीं कागद-पेन्सिल पुढें घेतली. वर्षांतून कामाचे दिवस २५० धरले. रोजची फेरी ८० किलोमीटर, म्हणजे वर्षास २०,०००. पेट्रोलची लहान मोटार लिटरला १६ किलोमीटर चालते आणि पेट्रोलचा भाव लिटरला १०४ रुपये आहे असें धरलें, तर रोज पांच लिटर, ५२० रुपये, वर्षाचे १,३०,०००. विजेच्या मोटारीस तेवढ्याच फेरीला घरच्या मीटरवरून सुमारें १२ युनिटें लागतात. आतां घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो, हें पुष्कळांच्या ध्यानीं राहत नाहीं. मोटारीचीं महिन्याचीं अडीचशें युनिटें घरच्या वापरावर पडलीं म्हणजे सारा बोजा वरच्या, महाग टप्प्यांत जातो. म्हणून युनिटला १२ रुपये असा चढा दर धरला. तरीहि रोजचे १४४ रुपये, वर्षाचे ३६,०००. म्हणजे वर्षास ९४,००० रुपयांची बचत!

ही बचत हातचलाखी नव्हे. पेट्रोलच्या इंजिनांत इंधनाच्या शक्तीचा बराच मोठा भाग उष्णता होऊन वायां जातो. विजेची मोटार बॅटरींतील बहुतेक शक्ति चाकांपर्यंत पोंचविते. शिवाय वेग कमी करतांना तिची मोटारच जनित्राचें काम करते आणि थोडी वीज बॅटरींत परत जाते. गर्दींत खोळंबून उभी असतांना तिचें इंजिन उगीच जळत राहत नाहीं. धुराविषयीं मात्र पुतण्याचें म्हणणें अर्धेंच खरें होतें. कारण आपल्या देशांतील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासूनच होतो. शहराच्या हवेंत धूर येत नाहीं, दूरच्या विद्युत्केंद्राच्या धुराड्यांतून येतो. असें असलें तरी विजेची मोटार ही चांगली वस्तु आहे, याविषयीं मला शंका नाहीं.

शंका आली ती पुढच्या आंकड्यास. सारख्या आकाराच्या पेट्रोलच्या मोटारीपेक्षां विजेची मोटार पावणेचार लक्ष रुपयांनीं महाग पडते असें धरूं. वर्षास ९४,००० वांचले तर ही जादा किंमत चार वर्षांत भरून येते. मग सहज म्हणून मीं तोच हिशेब दुसऱ्या एका मनुष्यासाठीं केला. त्याची कचेरी घरापासून पांच किलोमीटरवर आहे, फेरी रोज दहा किलोमीटरची. त्याचे वांचतात वर्षास ११,७५०. त्यास तीच जादा किंमत भरून काढावयास बत्तीस वर्षें लागतील!

हे दोन आंकडे एकाखालीं एक लिहिले आणि माझी पेन्सिल थांबली. विजेच्या मोटारीची बचत अंतरावर पोसते. जितकें दूर जावें तितकी ती मोटार शहाणपणाची ठरते. म्हणजे ज्याचा दिवस रस्त्यावर अधिक खर्च होतो त्यासच ती अधिक फायदेशीर. मनुष्याची बुद्धि येथें मोठी फसगत करून घेते. तो म्हणतो, "दूर जावयाचें आहे म्हणून ही मोटार परवडते", आणि थोड्याच वेळानें म्हणतो, "ही मोटार परवडते म्हणून दूर जावयास हरकत नाहीं." दोन वाक्यें एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभीं राहतात आणि खालीं जमीन आहे कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. जेव्हन्स नांवाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं कोळशाविषयीं लिहितांना असेंच दाखवून दिलें होतें: यंत्रें काटकसरी झालीं म्हणून कोळसा कमी जळत नाहीं, काटकसरीमुळें यंत्रांचा वापर वाढतो आणि कोळसा अधिकच जळतो. आमच्या ओसरीवर कोळशाच्या जागीं सायंकाळचे तास होते, इतकाच फरक.

मग तासांचा हिशेब केला. जुन्या कचेरीस जाण्यायेण्यांत रोज अर्धा तास मोडे. नव्या नोकरींत तीन तास मोडणार. रोजचे अडीच तास जादा, वर्षाचे ६२५. दिवस-रात्र मिळून सव्वीस अहोरात्र मनुष्य मोटारीच्या चाकापाशीं बसून राहणार. जुन्या नोकरींत वर्षाच्या दोन हजार तासांचे त्यास ९,६०,००० मिळत, म्हणजे ताशीं ४८० रुपये. नव्या नोकरींत वाढ वर्षास २,४०,०००; त्यांतून विजेचे ३६,००० वजा जातां उरले २,०४,०००. त्यांस ६२५ तासांनीं भागलें तर ताशीं ३२६ रुपये. आपल्या दिवसांतील सर्वांत मोलाचे, घरच्या माणसांचे तास तो कचेरीच्या तासांपेक्षां स्वस्त विकावयास निघाला होता.

इतका वेळ सूनबाई नातीच्या वहीवर कव्हर घालीत बसल्या होत्या. त्या बँकेंत नोकरीस आहेत. त्यांनीं मान वर न करतांच विचारलें, "काका, यांत मोटारीचा हप्ता कोठें आहे?"

मी ओशाळलों. इंधनाच्या नादांत मोटारीची किंमतच विसरलों होतों. दहा लक्ष कर्ज, सात वर्षांची मुदत, शेंकडा नऊ व्याज. सूनबाईंनीं हप्ता तोंडींच सांगितला: सुमारें १६,१०० रुपये. विजेचे महिन्याचे ३,००० मिळविले म्हणजे १९,१००. वाढलेल्या वीस हजारांतून उरले नऊशें. त्यांत विमा धरलेला नाहीं, टायर धरलेले नाहींत. पेट्रोलची मोटार घेतली असती तर कर्ज सव्वासहा लक्षांचें, हप्ता सुमारें १०,०५० आणि पेट्रोल सुमारें १०,८५०; तेथें नऊशें रुपये उलट खिशांतून गेले असते. विजेच्या मोटारीनें तोटा थांबला, एवढेंच श्रेय तिला देतां येईल. मोटार पुढें घरचीच राहते, हें खरें. परंतु सात वर्षांत ती या एकाच रस्त्यावर १,४०,००० किलोमीटर चाललेली असेल. आणि अनेक कारखानदार बॅटरीची हमी देतात ती आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तोंवरच. हप्ते फिटतील तेव्हां हमीहि सरत आलेली असेल.

"म्हणजे," सूनबाई म्हणाल्या, "नोकरीला जाण्यासाठीं मोटार, आणि मोटार फेडण्यासाठीं नोकरी."

त्या रात्रीं पुतण्या न बोलतां उठून आंत गेला. मला वाटलें, हिशेब जिंकला आणि विषय संपला. वडील मंडळींची ही एक नेहमींची चूक आहे. हिशेबानें निर्णय होत नाहीं. हिशेबानें सबबी तेवढ्या गळून पडतात. सबबी गळल्यावर खालीं काय उरतें तें पाहावयास थांबलें पाहिजे.

तिसऱ्या रात्रीं पुतण्या आपण होऊन बाहेर येऊन बसला. म्हणाला, "काका, तुमचे आंकडे बरोबर आहेत. नऊशें रुपयांसाठीं कोणी रोज ऐंशी किलोमीटर जात नाहीं. पण अकरा वर्षें मी तेच तेच आराखडे थोडे लांबवून, थोडे आंखडून काढीत आहें. तेथें नवीन यंत्राची रचना पहिल्या रेघेपासून करावयाची आहे. आणखी पांच वर्षांनीं मला असें कोणी बोलावणार नाहीं. हें सांगावयाची मला लाज वाटली, म्हणून पगाराचें आणि मोटारीचें सांगितलें."

आम्ही सारे स्तब्ध झालों. आपल्या घरांतून हीच गोष्ट घडते. पगार वाढतो म्हणून नोकरी सोडली तर मनुष्य कर्ता ठरतो. कामांत जीव रमत नाहीं म्हणून सोडली तर छांदिष्ट ठरतो. मग तरुण मंडळी मनांतलें कारण झांकून पैशाचें कारण पुढें करितात, आणि वडील मंडळी त्या पैशाच्या कारणास पैशाचें उत्तर देऊन समाधान पावतात. दोघांचेंहि बोलणें भलत्याच विषयावर होतें.

दादांची वाचा अजून पुरती मोकळी झालेली नाहीं. ते सावकाश, एकेक शब्द जुळवीत म्हणाले, "मग असें सरळ सांग कीं. मी चौतीस वर्षें एका टेबलापाशीं काढलीं. मला कोणी बोलाविलें नाहीं, म्हणून गेलों नाहीं. तुला बोलाविलें आहे." थोडें थांबून ते पुढें म्हणाले, "माझ्या चालण्याचें माझें मी पाहीन."

आतां प्रश्न निराळा झाला होता. नोकरी परवडते कां, हा प्रश्न उरला नव्हता; ती घ्यावयाची, तर तिची किंमत घरांतील कोणी किती द्यावयाची, हा उरला होता. आणि तो तसा उघड मांडल्यावर मोटारीचें महत्त्व एकदम कमी झालें. अडीच तास जाणारच असतील, तर ते कसे जावेत याचा विचार सुरू झाला.

विजेवर चालून कामाला जाणें ही महाराष्ट्रास नवलाई नव्हे. मुंबईंत व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं धांवली, आणि १ जून १९३० रोजीं विजेच्या इंजिनानें ओढलेली डेक्कन क्वीन पुणें-मुंबई दरम्यान सुरू झाली. तिच्यांतून वर्षानुवर्षें जाणारेयेणारे पासवाले पुण्यांत घरोघर होऊन गेले. त्यांचेहि तास जात. पण त्या तासांत कोणी पुस्तकें वाचलीं, कोणी परीक्षा दिल्या, कोणी नुसती झोंप काढली. आगगाडींतला प्रवासी आपले हात आणि डोळे स्वतःजवळ ठेवून असतो. मोटार चालविणारा, मग ती विजेची असो वा पेट्रोलची, ते रस्त्यास गहाण टाकून बसतो. तास तेवढेच, पण एकाचे खर्चाच्या खात्यावर पडतात, आणि दुसऱ्याचे निदान अर्धे परत मिळतात.

पुण्यांत मेट्रो ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झाली, आणि सप्टेंबर २०२४ पासून ती मंडईवरूनहि मिळूं लागली. आमच्या घरापासून मंडईचें स्थानक पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. तेथून बसलें कीं थेट नाशिक फाट्याजवळ उतरतां येतें. पुतण्यानें कारखान्यांत चौकशी केली, तेव्हां नोकरवर्गासाठीं कारखान्याची बस नाशिक फाट्यावरून सुटते असें कळलें. पगाराच्या गोष्टींत हें विचारावयाचें त्यास सुचलेंच नव्हतें! घरापासून कारखान्यापर्यंत या मार्गानें पावणेदोन तास लागतात. मोटारीपेक्षां पंधरा मिनिटें अधिक. पण हप्ता नाहीं, आणि त्या वेळांत तो वाचूं शकतो.

शेवटीं ठरलें तें असें. नोकरी घ्यावी. मोटार एक वर्षभर घेऊं नये. मेट्रोनें आणि बसनें जावें. दादांस डॉक्टरांकडे नेण्यासाठीं भाड्याची मोटार आधीं सांगून ठेवावी. महिन्यांतून दोनदां ती आणली तरी एका हप्त्याच्या मानानें खर्च किरकोळ आहे. वर्ष सरल्यावर पुन्हां सर्वांनीं एकत्र बसावें. काम मनासारखें असेल आणि प्रवास झेपत नसेल, तर मोटारीचा, किंवा मोशीकडे बिऱ्हाड करण्याचाहि विचार करावा. कोणत्याच विषयास बंदी नसावी. हा शेवटचा मुद्दा वहिनींस रुचला नाहीं. पण तो बोलला गेला, हें बरें झालें.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा प्रश्न उभा असेल त्यांस माझें सांगणें थोडकें आहे. प्रश्न एकाच वेळीं दोन असले म्हणजे आधीं कोणता सोडवावयाचा याचा क्रम पक्का करावा. आधीं नोकरी, मग वाट, आणि शेवटीं वाहन. वाहनापासून आरंभ केला तर वाहन आपल्या सोईची वाट निवडतें आणि वाट आपल्या सोईची नोकरी. काम कशासाठीं हवें आहे तें घरांत मोकळेपणानें बोलावें, आणि तें बोलतां येईल असें ऐकणारे वडील मंडळींनीं व्हावें. तासांचा हिशेब पैशाच्या हिशेबाशेजारीं, त्याच कागदावर लिहावा. आणि फिरणें मुळांतच जास्त असेल, दारांत मोटार उभी करावयास आणि तार आणावयास जागा असेल, तर विजेची मोटार खुशाल घ्यावी. अन्यथा तिच्या हिरव्या पाटीला भुलूं नये.

या गोष्टीस आतां चार महिने झाले. सारें सुरळीत आहे असें मी म्हणणार नाहीं. पुतण्या आठवड्याच्या अखेरीस दमलेला असतो, आणि नातीचीं गणितें आतां सूनबाईंच्या वांट्यास आलीं आहेत. तो सकाळीं सहा वाजतां दादांस थोडें चालवून मग निघतो. सायंकाळची फेरी माझ्याकडे आहे. माझा हात दादांस अजून पुरता सरावाचा झालेला नाहीं. मी वेगानें चालतों, अशी त्यांची तक्रार असते. पण पुतण्या रात्रीं जेवतांना नव्या यंत्राविषयीं बोलतो, आणि त्यांतलें फारसें न कळणारे आम्ही सर्वजण ऐकत बसतों. पूर्वीं तो कचेरीविषयीं कधीं बोलत नसे, हें आम्हांस आतां कळलें.

काल चिमण्या गणपतीपाशीं दादा थांबले. सहा वाजून वीस मिनिटें झालीं होतीं. माझ्या मनगटावरचें घड्याळ स्वतःकडे वळवून त्यांनीं पाहिलें आणि म्हणाले, "त्याची बस मोशीला आली असेल." मग माझा हात घट्ट धरून ते घराकडे वळले.